माश्या-डासांचा बंदोबस्त आणि सात दिवसांचं गणित

शेतावरच्या घराभोवती माश्या आणि डास वाढले की पहिला हात जातो फवारणीच्या पंपाकडे. संध्याकाळी फवारलं, रात्र बरी गेली, आणि चार-पाच दिवसांत ये रे माझ्या मागल्या. मग औषधच बोगस निघालं असा संशय येतो आणि पुढच्या वेळी मात्रा वाढते. औषधात बहुतेक वेळा खोट नसते. उडताना दिसते ती कीटकांची एक पिढी. तिच्यामागची पिढी शेणात, कुजक्या वैरणीत किंवा साचलेल्या पाण्यात अंडी, अळी आणि कोष या रूपात दडून असते. हवेत उडवलेलं औषध तिथे पोचतच नाही.

घरमाशीची मादी एका खेपेला साधारण ७५ ते १५० अंडी घालते आणि आयुष्यात अशा चार-पाच खेपा करते. उन्हाळी उबेत अंड्यातून एका दिवसात अळी निघते. ती पाच-सहा दिवस खाते, मग जवळची कोरडी जागा गाठून कोषात जाते. अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा प्रवास ७ ते १० दिवसांत उरकतो, थंडीत तो कित्येक आठवडे लांबतो. डासांचं गणितही उबदार हवेत जवळपास तेवढंच. म्हणून या सगळ्या खटाटोपात ध्यानात ठेवायचा आकडा एकच: सात दिवस. ज्या जागी किडे वाढतात ती जागा सात दिवसांच्या आत एकदा मोडली, तर पुढची पिढी उडतच नाही. आठवडा उलटून गेल्यावर तीच मेहनत घेतली तरी अर्धीअधिक वाया जाते.

आधी ओळख पटवा

सगळ्या उडणाऱ्या किड्यांवर एकच उपाय चालत नाही, कारण प्रत्येकाची वाढायची जागा वेगळी. त्यामुळे पहिले दोन दिवस नुसतं बघण्यात घालवले तरी ते वाया जात नाहीत.

गोठ्यात दोन माश्या हमखास एकमेकींत मिसळलेल्या असतात. दोन्ही करड्या, दोन्ही साधारण सारख्या आकाराच्या. घरमाशी चावत नाही. तिचं तोंड मऊ असतं, त्याने ती अन्न ओलं करून शोषते. दुसरी आहे गोठ्यातली चावरी माशी. तिच्या डोक्यापुढे सरळ, टोकदार सोंड आलेली असते आणि बसलेली असतानाही ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती जनावरांच्या पायांना डसते. जनावरं सारखे पाय आपटत असतील, एकमेकांना खेटून गोळा होत असतील किंवा पाण्यात जाऊन उभी राहत असतील, तर दोष घरमाशीचा नाही. पुढच्या एका पायावर पाचच्या आसपास चावऱ्या माश्या दिसल्या तरी जनावराच्या खाण्यावर आणि दुधावर परिणाम होण्याइतका त्रास असतो. ही माशी दोन-पाच मिनिटं रक्त पिते आणि उरलेला दिवस सावलीतल्या भिंतीवर, खांबावर, कुंपणावर बसून काढते. जनावराच्या अंगावर मारलेलं औषध तिला फारसं भोवत नाही ते यामुळेच. शिवाय पायावर मारलेलं औषध चिखलात आणि ओल्या गवतात धुऊन जातं, ते वेगळंच.

पाठीवर, खांद्यावर आणि पोटाखाली शेकड्यांनी चिकटलेल्या बारीक माश्या, घरमाशीच्या निम्म्या आकाराच्या, ही तिसरी जात. या जवळजवळ सगळा वेळ जनावरावरच असतात आणि फक्त अंडी घालायला ताज्या पोवर उतरतात. यांच्यावर मात्र अंगावरचा उपाय लागू पडतो. मोठ्या, झपकन येऊन कातडी कापणाऱ्या गोमाश्या पाणथळ चिखलात वाढतात. त्यांचं मूळ शोधणं बहुतेक वेळा आवाक्याबाहेरचं असतं, म्हणून तिथे सापळा किंवा आडोसा हाच मार्ग.

डासांमध्ये चावण्याची वेळ पुष्कळ सांगून जाते. दिवसाढवळ्या, विशेषतः सकाळी आणि उन्हं उतरताना घोट्याला चावणारा, अंगावर पांढरे पट्टे असलेला डास एडिस. तो भांड्यांतल्या पाण्यात वाढतो आणि सहसा एक-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तो चावतोय तर त्याचं घर तुमच्याच आवारात आहे. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स सांडपाण्यातून येतो आणि किलोमीटरभर सहज उडतो. भिंतीवर शेपटाकडचा भाग वर करून तिरपा बसणारा ॲनाफिलीस. त्याला तळं, पाणी भरलेली शेतं, संथ झरे असं तुलनेनं स्वच्छ पाणी लागतं.

न्हाणीच्या भिंतीवर बसलेले केसाळ, पतंगासारख्या पंखांचे चिमुकले किडे डास नव्हेत. ते मोरीच्या पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढतात. खात्री करायची तर रात्री मोरीच्या तोंडावर चिकटपट्टी उलटी लावून ठेवा, चिकट बाजू खाली. सकाळी तिला किडे चिकटलेले असतील तर तीच जागा. त्यावर इलाज लांब दांड्याच्या ब्रशचा. उकळतं पाणी किंवा ब्लीच त्या थरावरून नुसतं वाहून जातं.

शेण, उष्टी वैरण आणि ओल

घरमाशीला शेण हवं असतं असं आपण म्हणतो, पण तिला खरं तर ओलं, कुजतं काहीही चालतं. अळीला जगायला साधारण ५० ते ८५ टक्के ओल लागते. कोरड्या शेणात ती मरते, पाण्यात बुडालेल्या शेणात गुदमरते. म्हणजे उपाय तीनच: शेण आठवड्याच्या आत हलवा, पातळ पसरून वाळवा, किंवा त्याला इतकं तापू द्या की अळी जगणार नाही.

हलवायचं तर आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. सोमवार-गुरुवार म्हटलं तर सोमवार-गुरुवारच, कारण एक खेप चुकली की मधे पूर्ण सात दिवस जातात आणि त्या एका खेपेतली पिढी उडून जाते. वाळवायचं तर थर दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जाड नको. जाड थराची वरची पापडी वाळते आणि खाली अळ्या मजेत असतात. फावड्याने पापडी उचलून बघितल्याशिवाय शेण वाळलं असं मानू नका.

खतासाठी ढीग करणार असाल तर ढिगाचं पोट आपोआप तापतं. ५० अंश सेल्सियसच्या वर अंडी आणि अळ्या तग धरत नाहीत. गोम अशी की तापतं ते पोट. बाहेरचा वीतभर थर गारच राहतो आणि माश्या नेमक्या तिथेच अंडी घालतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी ढीग फिरवताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर असं करायचं. नुसतं खालवर केलं तर फिरवल्यासारखं वाटतं आणि बाहेरचा थर बाहेरच राहतो. फिरवणं जमत नसेल तर ढीग दाबून घट्ट करा, वर काळं प्लास्टिक अंथरा आणि कडा मातीने दाबा. कडेला फट राहिली की सगळी माशी त्या फटीत जमते.

वाढ पूर्ण झालेली अळी कोषात जाण्यासाठी ओल सोडून बाहेर पडते आणि ढिगाच्या पायथ्याच्या भुसभुशीत मातीत शिरते. हा तिचा कमकुवत क्षण. ढीग सिमेंटच्या ओट्यावर केला आणि ओट्याभोवती हातभर रुंद पाण्याची चर ठेवली, तर बाहेर पडणाऱ्या अळ्या चरीत पडून बुडतात. चरीच्या पाण्यात थोडा साबण घातला की त्यांना वर येता येत नाही, आणि त्या पाण्यात डासही वाढत नाहीत. ओटा नसेल तर ढिगाच्या कडेची माती एकदा चार बोटं उकरून बघाच. गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस-तपकिरी कोष मुठीने निघतात. माश्या कुठून येतात हा प्रश्न तिथेच मिटतो.

चावऱ्या माशीसाठी मात्र शेणापेक्षा वैरण बघावी लागते. मूत आणि शेण मिसळलेली, तुडवलेली, कुजकी वैरण ही तिची आवडती जागा. गव्हाणीखालचा कोपरा, गंजीचा भिजलेला तळ, मुरघासाच्या खड्ड्याची प्लास्टिकखालची काळी पडलेली कड, खाद्य सांडतं ती पट्टी. तिचं चक्र थोडं लांब, दोन ते तीन आठवड्यांचं. त्यामुळे पंधरवड्यात एकदा या जागा खरवडून काढल्या तरी बराच फरक पडतो. पण ‘खरवडून’ याचा अर्थ कोपऱ्यातलंही. झाडूने मधली जागा चकचकीत होते आणि कुंपणाच्या खांबाखालचा चार बोटांचा ओला पट्टा तसाच राहतो. सगळी पैदास त्या पट्ट्यात होते.

सगळ्यात दुर्लक्षित जागा वासरांची. मोठ्या जनावरांखालचं रोज निघतं, वासराखालचा पेंढा मात्र ‘अजून चांगला दिसतोय’ म्हणून राहतो. वरून कोरडा, खाली दूध-मुताने भिजलेला पेंढा म्हणजे माश्यांची पाळणाघरं. तिथे पेंढ्याऐवजी लाकडाचा भुसा किंवा वाळू वापरली तर अळ्यांचं प्रमाण बरंच उतरतं. पेंढाच हवा असेल तर तो आठवड्याच्या आत तळापासून बदलायचा, वरून नवा थर टाकायचा नाही.

कोंबड्यांच्या पिंजऱ्याखाली गणित उलटं आहे. तिथली विष्ठा साचू द्यायची, पण कोरडी. गळकं पाण्याचं नळकांडं हा तिथला खरा शत्रू, कारण माश्या नेमक्या त्या ओल्या गोल डागात होतात. साचलेल्या कोरड्या थरात माशीची अंडी खाणारे बारीक कोळीकिडे आणि अळ्या खाणारे भुंगेरे राहतात. माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्याही असतात. त्या माणसाला डसत नाहीत. एका दिवशी सगळं खरवडून काढलं की ही फौजही जाते, आणि माशी परत येते तेव्हा तिला अडवणारं कुणी नसतं. म्हणून साफसफाई आळीपाळीने, एकेका पट्ट्यात करा आणि तळाचा वीतभर कोरडा थर राहू द्या. आणि शेणावर किंवा विष्ठेवर कीटकनाशक मारू नका. माशीच्या अळ्या खोल असतात, वर फिरणारे मित्रकीटक आधी मरतात.

साचलेलं पाणी

डासांचं पाणी शोधायला एक पांढरी वाटी किंवा डाव पुरतो. संशयाच्या पाण्यात कडेने हलकेच बुडवून उचला, पांढऱ्यावर वळवळणाऱ्या अळ्या लगेच दिसतात. पृष्ठभागाला डोकं खाली करून तिरप्या लटकल्या तर एडिस किंवा क्युलेक्स, पृष्ठभागाला समांतर आडव्या पडल्या तर ॲनाफिलीस. गोलसर डोक्याचे, वाकडे, गटांगळ्या खाणारे दिसले तर ते कोष. म्हणजे एक-दोन दिवसांत डास उडणार.

शोधताना नजर खाली असते, म्हणून वरच्या जागा राहून जातात. पन्हाळीत पानं अडकून साचलेलं पाणी, टाकीच्या झाकणावरचा खळगा, गंजीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या सुरकुत्या, झाडाची ढोली, कुंपणाच्या पोकळ खांबांची वरची उघडी टोकं. ढोली आणि पोकळ खांब वाळूने भरून टाका. ताडपत्री दाबून ठेवायला टायर वापरत असाल तर त्यांना खालच्या बाजूने भोकं पाडा. नुसता उभा ठेवलेला टायरही तळाशी पाणी धरतो.

एडिसची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवते. ती अंडी कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून हौद नुसता रिकामा करून पुन्हा भरणं म्हणजे त्या अंड्यांना पाणी पाजणं. आठवड्यातून एकदा रिकामा करा, आतली कड खरबरीत ब्रशने घासा, आणि घासलेलं पाणी हौदात न ठेवता जमिनीवर ओता. रांजण आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही हाच नियम.

जे पाणी ओतून देता येत नाही, शेततळं, मोठा हौद, डबकं, तिथे बीटीआय नावाचा जिवाणू कामाला येतो. बाजारात तो दाणे, वड्या किंवा द्रव रूपात मिळतो. त्याचं विष डासाच्या अळीच्या पोटात गेल्यावरच काम करतं, आणि मासे, जनावरं, मधमाश्या यांना त्याचा धोका नसतो. टाकल्यावर एक-दोन दिवसांत अळ्या मेलेल्या दिसायला हव्यात. दिसल्या नाहीत तर तीन कारणं असतात. अळ्या कोषात जायच्या बेतात होत्या, आणि त्या वयात त्या खात नाहीत. पाणी फार घाण होतं, त्यामुळे त्यांना खायला दुसरं पुष्कळ होतं. किंवा माल उन्हात पडून जुना झाला होता. सांडपाण्यासाठी बॅसिलस स्फेरिकस हा त्याचा भाऊबंद जास्त टिकतो. साधा बीटीआय आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा टाकावा लागतो, सावकाश विरघळणारी वडी महिनाभर चालते. गप्पीसारखे अळ्या खाणारे मासे बंदिस्त हौदात उत्तम, पण नदी-ओढ्याला जोडलेल्या पाण्यात ते सोडू नका. तिथले मूळ मासे ते संपवतात.

शौचखड्डा आणि सेप्टिक टाकी हे क्युलेक्सचे कारखाने. झाकणाची भेग सिमेंटने बुजवा आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला गंज न धरणारी, साधारण सव्वा मिलिमीटर छिद्राची जाळी तारेने घट्ट बांधा. या जाळीमागे एक सुंदर युक्ती आहे. १९७० च्या दशकात झिंबाब्वेत (तेव्हाच्या ऱ्होडेशियात) ब्लेअर प्रयोगशाळेने खड्ड्याच्या संडासाला छपराच्या वर जाणारा रुंद पाइप जोडला आणि आतली खोली अंधारी ठेवली. खड्ड्यातली माशी उजेडाकडे, म्हणजे पाइपाकडे वर जाते, जाळीला अडते आणि तिथेच मरते. वाऱ्याने पाइपातून हवा वर ओढली जाते, त्यामुळे खोलीत वासही कमी. खोलीला मोठी खिडकी ठेवली किंवा दार सताड उघडं टाकलं की माशी पाइप सोडून दाराकडे वळते आणि सगळी युक्ती फुकट. डास उजेडाकडे तितके ओढले जात नाहीत, म्हणून डासांना हा उपाय अपुरा पडतो. तुंबलेल्या ओल्या खड्ड्यात पॉलिस्टायरीनच्या दोन-तीन मिलिमीटर मण्यांचा एक सेंटीमीटर जाड थर तरंगता ठेवला, तर अळ्यांना श्वास घेता येत नाही आणि मादीला अंडी घालता येत नाहीत. झांझिबारमधल्या माकुंदुची इथे हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेत हे मणी वापरले गेले आणि डास एकदम खाली आले. पूर येऊन खड्डा वाहणार असेल तिथे मात्र नको, सगळे मणी शेतात आणि ओढ्यात जातात.

जाळी, वारा, दिवा

खिडकीच्या जाळीला इंचात १८ गुणिले १६ छिद्रं असली की डास आणि माश्या अडतात. केमरं त्यातून आत येतात, त्यांना २० गुणिले २० ची लागते, पण तिने वारा कमी होतो. जाळी फाटण्याआधी चौकट वाकडी होते, हे विसरलं जातं. रात्री आत दिवा लावून बाहेरून बघा. जाळी आणि चौकट यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर तिथून डासही आत येतो. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं. आत उघडणारं दार त्यावर बसलेले सगळे किडे ढकलून घरात आणतं.

पंखा हा सर्वात कमी लेखलेला उपाय. डास जेमतेम ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने उडतो, आणि वाऱ्याने श्वासातला कार्बन डायऑक्साइडही पांगतो, ज्याचा माग काढत तो येतो. ओसरीवर बसणाऱ्यांच्या पायांकडे झुकवलेला एक साधा टेबलपंखा अगरबत्तीपेक्षा बरा. गोठ्यातही तसंच, फक्त वारा जनावरांच्या पोटाखाली आणि पायांवर लागला पाहिजे, पाठीवरून नुसता जाऊन उपयोग नाही.

दिव्याच्या बाबतीत रंग महत्त्वाचा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे झेपावतात, पिवळसर एलईडीकडे खूप कमी. दाराच्या डोक्यावरचा दिवा काढून चार-पाच मीटर दूर खांबावर लावा आणि उजेड दाराकडे वळवा. किडे खांबापाशी राहतात.

निळ्या दिव्याची ‘चट्’ आवाज करणारी यंत्रं बाहेर टांगणं मात्र थांबवा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात १९९४ च्या उन्हाळ्यात अशा यंत्रांनी मारलेले १३,७८९ किडे मोजले गेले. त्यांत चावणारे फक्त ३१ निघाले. उरलेल्यांत निरुपद्रवी किड्यांबरोबर पिकाचे मित्रकीटकही होते. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची यंत्रंही तशीच. २००७ मध्ये दहा मैदानी चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि चावे कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. कुंडीत लावलेलं गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं झाड शेजारी ठेवून डास पळत नाहीत. काम करतं ते पानातून काढलेलं तेल, आणि तेही थोडाच वेळ. अंगाला लावायचं तर २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन. डीट प्लास्टिक आणि चष्म्याच्या काचेवरचा थर खराब करतं, एवढं सांभाळा.

सापळे कुठे लावायचे

आमिषाचा सापळा सोपा आहे. दोन लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा तिसरा भाग कापा, झाकण काढा आणि तो भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. कड चिकटपट्टीने बंद करा, फट राहू देऊ नका. आत पाव लिटर पाणी, दोन चमचे साखर, चिमूटभर यीस्ट आणि मासळीचा किंवा मांसाचा लहान तुकडा. बाटलीच्या तोंडाचं टोक पाण्यापासून चार बोटं वर हवं. दोन-तीन दिवसांनी वास सुटला की माश्या उतरायला लागतात. पाणी आटलं की वास थांबतो आणि सापळा मेला, म्हणून चार दिवसांनी भर घाला.

चुकतं ते जागेत. सापळा दाराशी किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगला तर तो शेजारच्या माश्याही घरी बोलावतो. घरापासून निदान दहा-पंधरा मीटर दूर, उन्हात, शेणाचा ढीग आणि घर यांच्या मधे तो असावा. उलट चिकट कागद वासाने बोलावत नाही, म्हणून तो आत चालतो. पण खोलीच्या मधोमध नव्हे. माश्या रात्री जिथे बसतात, म्हणजे छपराचे वासे, विजेची तार, जिथे काळे ठिपके दिसतात, तिथे टांगा. फळमाश्यांसाठी वाटीत बोटभर व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरे.

चावऱ्या माशीला वासाचं आमिष चालत नाही, ती रक्त पिणारी आहे. ती चकाकणाऱ्या पांढऱ्या आणि निळ्या-काळ्या पृष्ठभागांकडे ओढली जाते. गोठ्याच्या बाहेर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर चिकट द्रव लावलेले असे पत्रे उभे करतात. गोमाश्यांना तापलेला काळा चमकदार गोळा भुलवतो, म्हणून जाळीच्या तंबूखाली काळा चेंडू टांगलेले सापळे मिळतात. जपानमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तर चावऱ्या माश्या जवळपास निम्म्यावर आल्या. रोज गाय रंगवत बसणं कुणाला परवडणार नाही, पण डोळ्यांवर चालणाऱ्या किड्याला डोळ्यांनीच फसवता येतं, हे त्यातून कळतं.

फवारणी: शेवटी, आणि मोजून

वरची कामं झाल्यावरही माश्या उरल्या तर भिंतींवर टिकणारी फवारणी करता येते. औषध हवेत नाही, माश्या बसतात त्या जागी: गोठ्याच्या आतल्या सावलीतल्या भिंती, खांब, छताचा खालचा भाग. विटा-मातीच्या सच्छिद्र भिंतीवर पाण्यात मिसळणारी भुकटी वापरा, तेलकट द्रव भिंत पिऊन टाकते. ताज्या चुन्याच्या भिंतीवर पायरेथ्रॉइड (डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन ही औषधं ज्या गटातली तो गट) लवकर निकामी होतं.

मात्रेचा हिशोब भिंतीवरून करतात, डब्यावरच्या अंदाजाने नाही. एका चौरस मीटरला साधारण ४० मिलिलिटर द्रव लागतो, म्हणजे भिंत ओली होते पण ओघळत नाही. समजा भिंत ५० चौरस मीटर आहे आणि लेबलावर डेल्टामेथ्रिनचा दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम लिहिलाय. एकूण लागतं १ ग्रॅम. भुकटी २.५ टक्क्यांची असेल तर ती ४० ग्रॅम, आणि पाणी २ लिटर. आधी साध्या पाण्याने १० चौरस मीटर फवारून किती पाणी संपलं ते मोजा. ४०० मिलिलिटर अपेक्षित असताना ८०० संपलं, तर हात हळू आहे किंवा नोझल झिजलंय. लेबलावरचा दर आणि जनावरांसाठीची मनाई हीच अखेरची आज्ञा. गव्हाण, पाण्याचा हौद, दुधाची भांडी आणि कोंबड्यांचं खाद्य यांवर थेंब उडू नये. परमेथ्रिन मांजरांना घातक आहे, सगळीच पायरेथ्रॉइड पाण्यातल्या माशांना आणि मधमाश्यांना. झाडं फुलावर असतील तिथे दिवसा फवारू नका.

डीडीटी निघाल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९४६ मध्ये स्वीडनमध्ये त्याला न जुमानणाऱ्या माश्या सापडल्या. तेच अजून चालू आहे. औषध बदललं म्हणताना आपण बहुतेक वेळा फक्त डबा बदलतो: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि परमेथ्रिन हे तिन्ही एकाच गटातले. बदल गटात व्हायला हवा, आणि तोही दर फवारणीला नव्हे, हंगामाच्या टप्प्यांनी.

कमी झाल्या की नाही, हे कसं कळतं

डोळ्यांचा अंदाज फसवतो, ऊन चढलं की माश्या जास्त वाटतात. पोस्टकार्डाच्या आकाराचे चार-पाच पांढरे पुठ्ठे माश्या बसतात त्या जागी खिळ्याला लावा, तारीख लिहा आणि सात दिवसांनी त्यावरचे काळे ठिपके मोजा. एका पुठ्ठ्यावर शंभराच्या पुढे गेले तर पैदास जोरात आहे. दर आठवड्याला तोच खिळा, नवा पुठ्ठा.

शेण आणि पाण्याचं काम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा हलत नाही, कारण आधीच कोषात गेलेल्या माश्या बाहेर पडत असतात आणि उडत्या माश्या दोन-चार आठवडे जगतात. इथेच पुष्कळ जण हात टेकून पंपाकडे वळतात. तिसऱ्या आठवड्यात ठिपके स्पष्ट उतरायला हवेत. उतरले नाहीत, तर ज्या पुठ्ठ्यावर सर्वात जास्त ठिपके आहेत तिथून वीस पावलांच्या परिघात फावडं घेऊन फिरा आणि जे ओलं दिसेल ते उकरा: वासरांचा कोपरा, नळाखालचा चिखल, गंजीचा तळ, मेलेल्या कोंबड्या टाकायचा खड्डा, कुत्र्याच्या साखळीभोवतालची जागा. सगळीकडे कोरडं निघालं आणि पुठ्ठे तरीही भरत राहिले, तर माश्या बाहेरून येताहेत. घरमाशी किलोमीटर-दोन किलोमीटर सहज पार करते. मग जवळच्या शेतावरचा ढीग कोणत्या वारी फिरवायचा, ते त्यांच्याशी बसून ठरवा.